गडगड, गरगर, भिरभिर: लहान मुलांसोबत गतीचे खेळ कसे सुरू करायचे

सहावीच्या विज्ञानात गतीचे प्रकार येतात. रेषीय, वर्तुळाकार, आंदोलित, नियतकालिक, यादृच्छिक. पोरं पाठ करतात, "उदाहरणे द्या" मध्ये लिहितात, मार्क घेतात आणि पुढच्या जूनपर्यंत विसरून पण जातात. आणि इकडे बालवाडीतल्या साडेतीन वर्षांच्या पोराला विचारा, भोवरा कसा फिरतो रे? गरगर. बटाटा जिन्यावरून कसा गेला? गडगडगड. पाल कशी पळाली? सर्रकन. आणि गॅलरीतून कागद पडला तो? तोंडाने नाही सांगणार, हात हलवत हलवत खाली बसेल, भिरभिर भिरभिर. म्हणजे प्रकार त्याला माहितीच आहेत की! मराठीनेच ते आयते दिलेत, आपण फक्त खेळायला सामान द्यायचं आणि मधेमधे बोलायचं नाही.

मी बालवाडी घेते, आमच्याकडे दर वर्षी एखादी तरी नवीन ताई येते आणि पहिल्याच आठवड्यात उत्साहाने फळ्यावर "गती म्हणजे काय" लिहिते. हसत नाहीये मी, मी पण तेच केलं होतं. म्हणून हे सगळं एकदाचं लिहून काढतेय, नवीन तायांसाठी, घरी बसून पोरांना काय खेळवायचं असा प्रश्न पडलेल्या आईबाबांसाठी आणि सुट्टीत नातवंडं सांभाळणाऱ्या आजीआजोबांसाठी पण. वय साधारण ३ ते ८ धरलंय.

सुरू करायच्या आधी एकच गोष्ट डोक्यात ठेवा: आधी "कसं गेलं?" विचारायचं, "का गेलं?" नंतर, खूप नंतर. "का" विचारलं की पोरं आपल्या तोंडाकडे बघायला लागतात, ताईला काय उत्तर हवंय ते शोधतात. "कसं" विचारलं की वस्तूकडे बघतात. आणि शब्द पोराचाच ठेवायचा. तो घसरण्याला "सुईंग" म्हणाला तर आठवडाभर आपण पण सुईंग म्हणायचं.

सामान

विकत काही आणू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा महागडी माँटेसरी साधनं बाजूला ठेवून आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंवरच त्यांनी बालवाडी चालवली. आपल्याला तर घरातला एक ड्रॉवर उपसला तरी पुरे. एक मोठा पुठ्ठा (फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा मिळाला तर सोनं), चार जाडी पुस्तकं, गोट्या, लिंबू, बटाटा, संपलेला सेल, काड्यापेटी, खोडरबर, पेन्सिल, कागदी पेला, स्टीलची वाटी, झाकणाच्या दोन सारख्या प्लास्टिकच्या बाटल्या, सुतळी, एखादं जुनं कुलूप, पॅकिंगच्या चिकटपट्टीचं रिकामं कडं, खडू, रांगोळी. बस.

एक मात्र आत्ताच सांगते. तीन वर्षांच्या आतलं भावंडं आसपास असेल तर गोट्या आणि सेल बाहेरच काढू नका, सगळं तोंडात जातं. बटणासारखे चपटे सेल तर कुठल्याच वयाला नको, गिळले तर आत भाजतात. आणि सुतळीचे खेळ मोठं माणूस समोर असतानाच, गळ्याची भीती असते.

पायरी १: आधी अंग

पहिल्या दिवशी सामानाला हातच लावायचा नाही. जमिनीवर खडूने प्रत्येकाला एक गोल काढून द्या, त्यात उभं करा आणि शब्द पुकारा. दुडुदुडु! लुटुलुटु! तुरुतुरु! सरपट! टुणटुण! डगमग! थरथर! गिरकी! लोळण! पोरं वेडी होतात, आवाज वाढतो, शेजारच्या वर्गातून कोणीतरी डोकावतं, ते सोडा. दोन फेऱ्या झाल्या की विचारा, आता सांगा, कुठल्या शब्दाला गोल सोडून बाहेर गेलात आणि कुठल्याला गोलातच राहिलात? तुरुतुरुला गोल सुटला. थरथरला नाही सुटला. गिरकीला? इथे भांडण होतं, अर्धी म्हणतात सुटला अर्धी म्हणतात नाही, कारण चक्कर येऊन काहीजण खरंच बाहेर पडलेले असतात. होऊ द्या भांडण. जागा सोडून जाणं वेगळं आणि जागेवरच हलणं वेगळं, हा फरक त्या भांडणातूनच पोरांना कळतो, फळ्यावर लिहून कळत नाही.

नंतर फुगडी. पाच वर्षांवरच्यांना जमते, लहानांना मोठ्यांनी धरायचं. गोल फिरताना कोणीतरी आपल्याला बाहेर ओढतंय असं वाटतं का एवढंच विचारा. पुढे उपयोग होणार आहे.

पायरी २: उतार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, मी तर पूर्ण आठवडा देते. पुठ्ठ्याची एक बाजू दोन पुस्तकांवर ठेवली की उतार तयार. सामानाची परात मधे ठेवा आणि प्रत्येक वस्तू सोडायच्या आधी विचारा, ही गडगडेल का घसरेल का बसून राहील? उत्तर आलं की मगच सोडायची, आणि जशी गेली त्या ढिगात ठेवायची. आधी बोलायचं मग सोडायचं, हे शिस्तीने पाळा, नाहीतर नुसती फेकाफेकी होते.

गोटी गडगडते, त्यात काही नाही. खोडरबर बसूनच राहतो, तिसरं पुस्तक लावा, चौथं लावा, मग एकदम सर्रकन येतो. काड्यापेटी पण बसते, पण तिला पोरं उभी ठेवतात आणि ती धपकन पडून मग घसरते, त्याला आमच्याकडे "कोलमड" असा वेगळाच ढीग झाला. पेन्सिल मजेची आहे, आडवी ठेवली तर गडगडते आणि टोक खाली करून ठेवली तर घसरते किंवा बसते. एकच वस्तू आणि दोन ढिगांत! आमच्याकडे एका चिमुरडीने यावर पेन्सिलचे दोन तुकडे करून एकेक ढिगात ठेवायचा उपाय काढलेला. वाटी पालथी घातली तर घसरते, कडेवर उभी केली तर पळते.

आता कागदी पेला. तो आडवा करून सपाट फरशीवर हलकेच ढकला. पोरांना वाटतं गोटीसारखा सरळ जाईल, तो वळतो, आणि जागा असेल तर गोल फिरून परत आपल्याकडेच येतो. का होतं ते तुमच्यासाठी सांगते: पेल्याचं तोंड मोठं, बूड लहान, एका वळशात तोंडाची कड जास्त अंतर कापते, बुडाची कमी, म्हणून तो बुडाच्या बाजूला वळत राहतो. पोरांना हे सांगू नका. त्यांना पेन्सिल धरून पेल्याची वाट फरशीवर आखू द्या, मग पेल्याच्या तोंडात बोट घालू द्या, बुडाला बोट लावू द्या, सहा-सात वर्षांची पोरं "इकडून मोठंय ना म्हणून" इथपर्यंत स्वतः येतात. (आगगाडीची चाकंही अशीच किंचित निमुळती असतात, गाडी रुळांवर मधोमध राहायला त्याचा उपयोग होतो. लोकलने फिरणाऱ्या पोरांना हे सांगायला हरकत नाही, त्यांना गाड्यांचं काहीही आवडतं.)

शेवटचा उताराचा खेळ बाटल्यांचा. दोन सारख्या बाटल्या घ्या, एक रिकामी, दुसरी काठोकाठ पाण्याने भरलेली, झाकणं घट्ट. उतारावरून एकदम सोडायच्या. कोण जिंकणार? बहुतेक पोरं म्हणतात रिकामी, कारण ती हलकी आहे, हलकं माणूस जोरात पळतं. जिंकते भरलेली. रिकाम्या बाटलीचं सगळं वजन तिच्या सालीत, ती सगळी साल गरागरा फिरवावी लागते, आणि भरलेल्या बाटलीत आतलं पाणी फारसं फिरतच नाही, नुसतं खाली जातं. मग पाणी ओतून टाका आणि अर्धी बाटली रवा भरा. ती डुलत डुलत, थांबत थांबत येते, कधीकधी मधेच बसते. रव्याचे कण एकमेकांवर घासतात आणि त्यातच जोर जातो. हा खेळ मोठ्या माणसांपुढे करून बघा, ऑफिसातून आलेले बाबा लोक हमखास चुकीच्या बाटलीवर पैज लावतात.

पायरी ३: गरगर

दोरीचा खरा भोवरा सात-आठ वर्षांच्या आधी जमत नाही, आणि खाली आर, म्हणजे लोखंडी टोक असतं, ते पायावर बसलं की लागतं चांगलंच. लहानांसाठी चुटकीचा भोवरा करा: जाड पुठ्ठ्याची बांगडीएवढी चकती, बरोबर मधोमध काडी, खाली थोडं टोक. मधोमध म्हणजे खरंच मधोमध. पण एक भोवरा मुद्दाम चुकवा, काडी बाजूला घाला, तो लगेच डुगडुग करून पडतो. मग पोरांना विचारा ह्याला काय झालंय, आजारी का आहे हा. डॉक्टर बनून दुरुस्त करतात.

घरी करत असाल तर दोन अंडी घ्या, एक उकडलेलं एक कच्चं, ताटात फिरवा. उकडलेलं मस्त गरगरतं, कच्चं आळसटल्यासारखं हेलकावत फिरतं. मग दोन्ही फिरताना बोट टेकवून क्षणभर थांबवा आणि सोडा. उकडलेलं गप्प. कच्चं पुन्हा हळूच फिरायला लागतं, कारण कवच थांबलं तरी आतला बलक अजून फिरतच होता. आमच्या पोरांनी याला भुताचं अंडं असं नाव दिलंय.

आता चिकटपट्टीचं कडं. ते फरशीवर आडवं ठेवा, आत एक गोटी टाका आणि कडं धरून गोल गोल हलवा, गोटी आतल्या कडेने पळायला लागते. पळता पळता कडं पटकन वर उचला. पण त्याआधी खडू हातात द्या आणि गोटी कुठे जाईल ती वाट काढून ठेवायला सांगा. जवळजवळ सगळे गोल वाट काढतात, जिलबीसारखी. गोटी जाते सरळ. कडं होतं तोवर गोल, कडं सुटलं की सरळ. आता त्यांना फुगडीची आठवण करून द्या, हात सुटल्यावर तू गोल फिरत राहिलीस का धाडकन सरळ जाऊन पडलीस? ज्यांचे गुडघे फुटलेत ते बरोबर सांगतात.

पायरी ४: झोका, म्हणजे रांगोळीचा खेळ

जाड कागदाचा शंकू करा, टोकाला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा, वरून तीन दोऱ्या बांधून एकत्र गाठ मारा आणि दाराच्या चौकटीला किंवा दोन खुर्च्यांवर आडव्या टाकलेल्या काठीला टांगा. टोक जमिनीपासून चार बोटं वर राहू दे. खाली काळा कागद किंवा नुसती स्वच्छ फरशी. बोटाने भोक धरा, कोरडी रांगोळी भरा, एका बाजूला ओढा आणि नुसतं सोडा, ढकलू नका. सरळ रेघ उमटते, पुन्हा पुन्हा त्याच रेघेवर, फक्त हळूहळू आखूड होत जाते आणि दोन्ही टोकांना रांगोळी जास्त साठते, कारण तिथे झोका क्षणभर थांबतो. हे टोकाचं जाड ठिपकं पोरांच्या लगेच लक्षात येतं, माझ्या आलं नव्हतं.

दुसऱ्यांदा सोडताना बाजूला हलकासा धक्का द्या. रेघेऐवजी लांबट गोल येतो, मग त्याच्या आत त्याहून लहान, त्याच्या आत आणखी लहान. झोक्याचा गोल झाला! ही एक गोष्ट बघून पोरं जे गप्प बसतात ना, त्या गप्पपणात घाई करू नका, "बघा किती छान" वगैरे अजिबात नको.

पाच वर्षांवरच्यांसाठी मोजायचा खेळ. कुलूप सुतळीला बांधा, गाठीपासून कुलपाच्या मधापर्यंत २५ सेंटिमीटर. थोडंसं ओढून सोडा आणि जाऊन परत आलं की एक असं दहापर्यंत मोजा. इथे सगळे नवीन लोक चुकतात, नुसतं जाण्याला एक मोजतात. नीट मोजलं तर दहा झोक्यांना साधारण १० सेकंद लागतात, मोबाइलवर लावून बघा. आता कुलपाच्या जागी दोन कुलपं. पोरं म्हणणार आता जोरात. नाही, तेवढेच १० सेकंद. आता सुतळी लांब करा, १ मीटर, चौपट. दहा झोक्यांना साधारण २० सेकंद, चौपट नाही, दुप्पटच. वजनाने फरक नाही, लांबीने आहे. फार लांब ओढून सोडलं तर हिशोब थोडा बिघडतो, म्हणून "थोडंसं" वर ठाम राहा. हाच नेमका ठेका पकडून हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ केलं. कोणाच्या आजोळी भिंतीवर टोले देणारं घड्याळ असेल तर पुढच्या सुट्टीत त्याच्याखाली उभं राहून मोजायला सांगा.

नंतर बागेत घेऊन जा आणि झोक्यावर बसवा. लहान साखळीचा आणि लांब साखळीचा असे दोन झोके असतील तर नशीबच.

पायरी ५: भिरभिर आणि ज्याचा नेम नाही ते

कागदाची पट्टी कापा, अंदाजे २० सेंटिमीटर लांब, ५ रुंद. वरून मधोमध अर्ध्यापर्यंत कात्री चालवा, झाले दोन कान. एक कान पुढे वाकवा एक मागे, खाली एक यू-पिन लावा, खुर्चीवर उभं राहून सोडा. गरगरत उतरतं. कान उलटे वाकवले तर उलट्या बाजूने फिरतं, हे पोरांना स्वतः सापडू द्या. महोगनीचं झाड जवळ असेल तर त्याच्या बिया आणा, त्या अगदी अशाच पंख फिरवत येतात, कागदाच्या आधी झाडाने शोध लावलेला.

मग म्हातारी. रुईच्या बोंडातून निघणारी ती पांढऱ्या केसांची बी, आपण सगळेच लहानपणी फुंकर मारून तिच्यामागे पळालोय. (रुईचा चीक मात्र डोळ्यात जाऊ देऊ नका, बोंड मोठ्यांनीच फोडायचं.) म्हातारी सोडायच्या आधी कुठे जाईल ते बोट दाखवून सांगायचं. कोणाचंच बरोबर येत नाही, ताईचं पण नाही. यादृच्छिक गती म्हणजे हेच हो, पुढची जागा सांगता येत नाही ती, पण आपण आमच्याकडे तिला "नेम नाही" म्हणतो. सकाळच्या कवडशातली धूळ पण नेम नाही. डास पण नेम नाही.

आणि मुंग्या. रांगेत चाललेल्या काळ्या मुंग्या शोधा, लाल नको. सगळ्या एका वाटेने सरळ. त्या वाटेवर मधे कुठेतरी ओल्या बोटाने आडवं पुसा. मुंग्या तिथे येऊन अडतात, इकडेतिकडे भटकतात, मागे फिरतात, कारण वाटेवरचा वास पुसला गेला. थोड्या वेळाने वाट परत सापडते आणि रांग लागते. एका बोटात सरळचं नेम नाही आणि नेम नाहीचं परत सरळ. मारायचं नाही, फुंकायचं नाही, एकदाच पुसायचं आणि बघत बसायचं.

पायरी ६: शिलाई मशीन

पायडलचं मशीन असलेलं घर शोधा, कोणाची तरी आजी शिवत असतेच, नाहीतर नाक्यावरच्या टेलरकाकांना विनंती करा, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. मशीनला दोरा नको, हात लांब. काका चालवतील आणि पोरं ओरडून सांगतील. पायडल? हेलकावा. मोठं चाक? गरगर. पट्टा? गोल पळतो. सुई? खाली वर खाली वर. कापड? सरळ सरपटतं. पायाचा हेलकावा वर जाऊन सुईचा टकटक कसा होतो हे बघायला पोरं मशीनखाली वाकून बसतात. दहा मिनिटं ठरवून गेला असाल तर पाऊण तास जातो, काकांसाठी चहा सांगून ठेवा.

नेहमी येणाऱ्या अडचणी

"आमचा एका जागी बसतच नाही." बसवू नका, पायरी १ आणि उतार हे उभ्याने करायचेच खेळ आहेत. एका वेळी वीस मिनिटं खूप झाली.

"एकटाच सगळं सामान ओढून घेतो." मग त्याला सोडणारा करू नका, पकडणारा करा, उताराच्या खाली डबा धरून बसव. पकडणाऱ्याला सगळ्यात जास्त कळतं खरं तर.

"शास्त्रीय नावं कधी सांगायची?" पोरगं विचारेल तेव्हा. दुसरी-तिसरीत एखादं विचारतंच, गरगरला मोठी माणसं काय म्हणतात? सांगा, वर्तुळाकार गती.

"आंदोलित आणि नियतकालिक यात माझाच गोंधळ होतो." होतो सगळ्यांचा. जे हेलकावतं ते आंदोलित. जे ठरलेल्या वेळाने पुन्हा पुन्हा तेच करतं ते नियतकालिक, मग ते गोल फिरणारा घड्याळाचा काटा असो नाहीतर झोका. म्हणजे झोका दोन्हींत बसतो. पेन्सिल नव्हती का दोन ढिगांत.

"पावसाळ्यात रांगोळी भोकातून पडतच नाही." दमट होते ती. जुन्या तव्यावर जरा कोरडी करून घ्या, पूर्ण गार होऊ द्या, चाळा आणि मग भरा. भोक मोठं करायला जाऊ नका, सगळी एकदम खाली येते.